कोय धरेपर्यंत

नागपुरात वसंत आला हे कळतं ते कूलरवरून. होळी झाली की मागच्या अंगणातले, गच्चीवरचे कूलर पुढे येतात, गवताच्या ताट्या बदलल्या जातात आणि पंप चालतो की नाही यावरून घरोघरी नवरा-बायकोत वाद होतात. कोकिळा ओरडत असते, पण तिच्याकडे लक्ष द्यायला सवड कोणाला आहे! पंचांगात वसंत चैत्रात येतो. आमच्या घरी तो कूलरवाल्याच्या सोयीने येतो. साठ वसंत मी असेच काढले. म्हणून सुनंदा जेव्हा म्हणाली, "ताई, मी चार दिवस गावाले जाऊन राहिली, पळस फुलला असंन, चालता का?" तेव्हा मी कूलर, नवरा आणि मोलकरीण तिघांनाही एकमेकांच्या भरवशावर सोडलं आणि बॅग भरली.

सुनंदा मडावी आणि मी एकाच सरकारी कचेरीत बावीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. मी निवृत्त झाले, तिची अजून दोन वर्षं आहेत. ती गोंड. तिची आई ती लहान असतानाच गेली, तिला मोठमायने वाढवलं. मोठमाय म्हणजे आईची मोठी बहीण. तिचं गाव रामटेकच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतला वीस-पंचवीस घरांचा टोला. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडे कुठलीही चांगली जागा छापून आली की पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते.

पहिला दिवस

रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जाऊ नये ही आमच्या आईची शिकवण. मी काटोलची संत्री घेतली. शिवाय बाजारात दक्षिणेकडून आलेल्या हंगामातल्या पहिल्या कैऱ्या दिसल्या, हिरव्यागार, दोन किलो घेतल्या. घरी थोड्या कैऱ्या उकडून पन्ह्याचा गर केला आणि बाटलीत भरला. सुनंदाला यातलं काही सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं.

कामठी मागे पडेपर्यंत आमच्या गप्पा कचेरीतल्याच होत्या. कोणाची बदली झाली, कोणाची व्हायला हवी होती. मग सुनंदा एकाएकी गप्प झाली. मी विचारलं तेव्हा खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "मोठमाय नाही राहत आता, ताई. पंधरा दिवस झाले, अन्न सोडलं तिनं. पेज देली तं दोन चमचे घेते. डॉक्टर म्हणे, वय झालं, घरीच ठेवा."

मी वसंत बघायला निघाले होते आणि ही बाई निरोप घ्यायला. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

"काही मागत नाही का गं ती?"

"एकच मागते. आंबा."

माझ्या मांडीवरच्या पिशवीत दोन किलो कैऱ्या होत्या. माझा चेहरा एकदम उजळला असणार. मी मनात म्हटलं, बाई गं, देवच मला घेऊन चालला आहे. आणि गप्प बसले.

रामटेकच्या पुढे काळीपिवळी जीप मिळाली. तिच्यात आम्ही किती जण होतो ते मोजायला मान वळवायची सोय नव्हती. ती जिथे थांबली तिथून दोन मैल पायवाट. तिसऱ्याच उतारावर माझ्या चपलेचा पट्टा तुटला. सुनंदाने पळसाच्या मुळीचा दोर काढून तो बांधून दिला. तो नागपूरला परत येईपर्यंत टिकला. आणि पळस काय फुलला होता! पान नावाला नाही, नुसती फुलं. डोंगरच्या डोंगर केशरी. मी वाटेत चार वेळा उभी राहिले. सुनंदा म्हणायची, "थकल्या का ताई?" मी म्हणायची, "नाही गं, बघून राहिले." शेवटी तीही थांबून बघू लागली. लहानपणापासून पाहत आलेली ती बाई माझ्याबरोबर नव्याने बघत होती, हे मला फार आवडलं.

टोल्यातली अंगणं पाहून मला माझ्या संगमरवरी फरशीची लाज वाटली. शेणाने सारवलेली, कडेला पांढऱ्या मातीचा पट्टा, कुठे काडी पडलेली नाही. अंगणात आंब्याखाली खाट, आणि खाटेवर मोठमाय. चिमुकली झालेली. डोळे मात्र लख्ख. सुनंदा पायाशी बसली तशी तिने हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "हे कोन होय वं, तुही सायेबीण?"

"साहेबीण नाही मोठमाय, मैत्रीण," सुनंदा म्हणाली.

"मंग बस. उभी काहून?"

तेवढ्यात मोठमायचे दीर सोमाजी आले. सत्तरीचे, काटक, कमरेला विळा अडकवलेला. ते गावाचे भुमक, म्हणजे पुजारी. या लोकांच्या देवाला देऊळ नाही, पोथी नाही. देव झाडात, डोंगरात, आणि गेलेल्या माणसांत. त्यांच्यात आणि गावात बोलणं चालू ठेवायचं हे भुमकाचं काम. सोमाजींनी "जय सेवा" म्हणून हात जोडले. मीही जोडले. आणि हीच वेळ साधून मी पिशवी उघडली आणि कैऱ्या मोठमायच्या खाटेवर ओतल्या.

शेजारच्या अंगणातून आलेल्या बायका होत्या तिथेच थांबल्या. मोठमायने हात मागे घेतला.

"बाई, हे कोठून आनलं?" सोमाजींनी हळू आवाजात विचारलं.

"नागपूरच्या बाजारातून. यांना आंबा हवा होता म्हणून..."

"चूक माही आहे, काका," सुनंदा घाईघाईने म्हणाली. "म्या ताईले सांगतलंच नाही."

मग मला सांगितलं गेलं. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. फागुन सरताना झाडाला लागलेला नवा आंबा, मरका पंडुम झाल्याशिवाय या गावात कोणी तोडत नाही, खात नाही, घरात आणत नाही. आधी मातीला द्यायचा, मग पूर्वजांना, मग माणसांनी. मोहाचंही तसंच, पण मोहाचा पंडुम होळीच्या मागेच होऊन गेला होता. आंब्याचा अजून व्हायचा होता.

"अगं पण तू नागपुरात..." मी म्हटलं.

"नागपुरातही नाही खात, ताई."

"आणि दर चैत्रात माझ्या डब्यातली आंब्याची डाळ?"

"तुम्ही म्हणायच्या, तुले आंबट चालत नाही का? मी म्हणायची, नाही चालत." ती थोडी हसली. "दरवर्षी कोणाकोणाले समजावत बसू?"

बावीस वर्षं! बावीस वर्षं मी त्या बाईसमोर मिटक्या मारत आंब्याची डाळ खाल्ली आणि तिला आंबट चालत नाही असं सगळ्या कचेरीला सांगत फिरले. माझ्यासारखी शहाणी मीच.

सोमाजींनी मात्र मला सांभाळून घेतलं. "मालूम नव्हतं तुमाले. मालूम नसलं तं दोस नाही लागत. आता मालूम झालं." कैऱ्या पिशवीत भरून मीच गावाच्या शिवेबाहेर नेल्या आणि सोमाजींनी दाखवलेल्या पळसाला टांगल्या. संध्याकाळपर्यंत माकडांनी त्यांचा फन्ना उडवला. माकडांना पंडुम नाही. संत्री चालत होती, ती मुलांनी पाच मिनिटांत संपवली.

दुसरा दिवस

उजाडता उजाडता सुनंदाने उठवलं. मोह वेचायला जायचं होतं. मोहाची फुलं पहाटे गळतात. झाडाखालची जागा आधीच झाडून स्वच्छ केलेली असते आणि त्यावर फिकट पिवळी, टपोरी, रसाळ फुलं पडत असतात, टप टप. वास असा की आधी गोड वाटतो आणि मग डोकं जड होतं. मी चपला घालून झाडाखाली गेले, तर एक बाई दुरूनच ओरडली, "ओ बाई, पायतान काढा! खाची चीज हाय ते." मी पट्टा सोडला, चपला हातात घेतल्या आणि दोन तास वाकून वाकून फुलं वेचली. बायकांच्या टोपल्या भरल्या, माझी अर्धी. त्यांनी काही न बोलता आपल्यातली चार-चार मुठी माझ्या टोपलीत टाकून ती भरून दिली.

न्याहारीला ज्वारीची भाकर, कांचनाच्या कोवळ्या पानांची भाजी आणि जवसाची चटणी. माझ्या हातची पोह्यावरची तर्री आमच्या गल्लीत नावाजलेली आहे, पण त्या चटणीपुढे मी कान पकडले. आंबील मागून मागून प्याले. मोहाच्या दारूचा पानांचा दोना पुढे आला तेव्हा मी बोट बुडवून जिभेला लावलं आणि सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून बेजार करतात. इथे एकदा विचारतात. नको म्हटलं की नको.

मोठमायने मात्र दोन चमचेही पेज घेतली नाही. एक घेतला, दुसरा ओठांवरून परत आला.

सोमाजी रोज सकाळी एका आंब्याकडे जातात असं कळलं, म्हणून मी त्यांच्यामागे निघाले. टोल्याच्या वर, ओढ्याकाठी, गावातलं सगळ्यांत जुनं झाड. दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा बुंधा. खाली पडलेली एक कैरी त्यांनी उचलली. अक्रोडाएवढी. विळ्याने मधोमध कापली आणि दोन्ही फाकी माझ्या तळहातावर ठेवल्या.

"पाहा. कोय कशी हाय?"

पांढरी, मऊ, दह्याच्या कवडीसारखी. नखाने दाबली तर नख आत गेलं.

"धरली नाही अजून," ते म्हणाले. "कोय धरली नाही तं ते फळ नाही, बाई. लेकरू हाय झाडाच्या पोटातलं. पोटातलं लेकरू कोणी खाते का? कोय कडक झाली, विळा आवाज कराले लागला, मंग पंडुम."

मला ते पटलं, आणि पटल्याचा रागही आला. खाली अंगणात एक बाई एका आंब्यासाठी जीव धरून पडली होती.

"किती दिवस लागतील?"

"आठ. दहा."

"सोमाजी, त्यांच्याजवळ आठ दिवस नाहीत. तुम्हीच भुमक आहात. तुम्ही म्हटलं की झालं."

त्यांनी विळा गवताला पुसला. "मी म्हनतलं म्हनून कोय धरते का?"

आमच्या घरीही आई आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पितरांच्या पानावर आंबा ठेवल्याशिवाय जिभेला लावत नसे. वडील चेष्टा करायचे, आम्ही मुलं चोरून खायचो. आई गेली आणि नियमही गेला. आता फळवाला ज्या दिवशी आंबा आणेल तो आमचा सण. मी ते कौतुकाने सांगायची, की बघा, आम्ही किती मोकळे. त्या झाडाखाली उभी असताना मला पहिल्यांदाच वाटलं, आपण सोडलं काय आणि मिळवलं काय, याचा हिशेब आपण कधी केलाच नाही.

दुपारी सुनंदा ओढ्यावर गेली होती. मोठमायजवळ मी एकटीच. आता एक कबूल करते. काल कैऱ्या शिवेवर टांगताना पन्ह्याची बाटली बॅगेच्या तळाशी राहिली होती. राहिली म्हणजे मी राहू दिली होती. ती मी काढली. झाकण उघडलं. चमचा भरला.

"मोठमाय, एक घोट घे. कोणाले नाही सांगत मी."

वास तिच्यापर्यंत पोचला. तिने डोळे मिटले. नाकपुड्या हलल्या. मला वाटलं, आता घेते.

"झाकन लाव वं त्याले," ती म्हणाली. "तू कोणाले नाही सांगशीन. पन झाडाले मालूम पडनच ना."

"झाड काय म्हणणार आहे तुला!"

"झाड काही नाही म्हनत. माह्याच जिवाले बरं नाही वाटनार. साऱ्या जलमात थांबली मी. आता चार दिवसासाठी चोरी करू का?"

"पण मोठमाय, चार दिवस..."

"नाही निंगनार माह्यानं, हेच ना?" तिचे डोळे एकदम मिश्कील झाले. "मंग तं मजाच हाय माही. पंडुमात मानसाच्या आंधी मेलेल्याइले देतेत. सोम्याच्या आंधी भेटन मले."

ती हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. मी तिला धरून बसवलं. पाखराइतकं वजन. खोकला थांबल्यावर तिने मला सोम्याची गोष्ट सांगितली. ती लग्न होऊन आली तेव्हा दीर शेंबडा पोर होता. पंडुमाआधी ओढ्याकाठी कैरी खाताना तिने त्याला पकडलं, आंब्याच्याच फोकाने झोडलं आणि तोंडातला घास थुंकायला लावला. "माह्याच हातचा मार खाऊन भुमक झाला तो," ती म्हणाली. अभिमान लपत नव्हता. मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि शिवेबाहेर जाऊन ती रिकामी केली.

तिसरा दिवस

सकाळी मोठमायने काहीच घेतलं नाही. ओल्या फडक्याने ओठ भिजवले तर तेवढंच. हाक मारली की डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. सुनंदा घरामागे जाऊन रडून आली आणि तोंड धुऊन पुन्हा खाटेशी बसली. सोमाजी आले, खाटेच्या माचव्याला टेकून जमिनीवर बसले. किती वेळ कोणास ठाऊक. वहिनीचा हात हातात घेण्याची त्यांच्यात रीत नसावी. त्यांनी खाटेची दोरी धरून ठेवली होती.

मग ते उठले आणि ओढ्याच्या वाटेला लागले. का कोण जाणे, त्या दिवशी सगळा टोला त्यांच्यामागे निघाला. म्हातारे, टोपल्या घेतलेल्या बायका, कडेवर पोरं. आम्हीही गेलो.

सोमाजींनी खालची एक कैरी उचलली. विळ्याची धार तिला लावली. मी अगदी मागे उभी होते आणि कान देऊन ऐकत होते. विळा या बाजूने गेला आणि त्या बाजूने निघाला. आवाज झाला नाही.

काल त्यांनी दोन्ही फाकी माझ्या हातावर ठेवल्या होत्या. आज कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी त्या मूठ करून झुडपात भिरकावल्या.

"धरली," ते म्हणाले.

मला वाटलं, आता कोणी तरी म्हणणार, दाखव. दहा पावलांवर एक म्हातारा काठीला टेकून उभा होता, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तो मोठ्याने म्हणाला, "धरली, धरली. मले इकडूनच दिसली."

"औंदा लवकरच धरली बापा," एक बाई म्हणाली.

"धूप किती हाय! धरनच ना."

आणि सगळे एकदम बोलू लागले. कोणाकडे कोंबडी आहे, कोण तांदूळ देईल, ढोल कोणाच्या घरी. पंडुम उद्याच. बायका भराभरा घराकडे निघाल्या.

मी तोंड उघडणार तोच सुनंदाने माझा हात दाबला. "ताई, काही बोलू नका."

"सगळ्यांना कळलं?"

"सगळ्याइले."

"मग?"

"मग काही नाही. उद्या पंडुम आहे. फक्त मोठमायले कोणी सांगाचं नाही."

छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली मी. नियम वाकवलेले पुष्कळ पाहिले. साहेबासाठी, साहेबाच्या मेव्हण्यासाठी, वरून फोन आला म्हणून. पण नियमावर जीव असलेल्या माणसांनी एका म्हातारीसाठी तो वाकवला, आणि एकानेही दुसऱ्याकडे बोट दाखवलं नाही, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. मला रडू आलं. लिहिताना लपवण्यात अर्थ नाही.

सगळे गेल्यावर सोमाजी झाडाजवळ थांबले. बुंध्यावर तळहात टेकवून गोंडीत काही तरी बोलत होते, कोणाशी तरी भांडावं तसं.

"काय म्हणून राहिले?" मी विचारलं.

"झाडाले सांगून राहिले," सुनंदा म्हणाली, "म्हणे, दोष मले एकट्याले लागू दे. गावाले नको लावू."

चौथा दिवस

आमचा गुढीपाडवा मी मोठ्या हौसेने करते. गाठी, कडुनिंब, श्रीखंडाचा डबा, टीव्हीवर शोभायात्रा. पण पाडव्याला झाडाला भेटायला जावं हे मला कधी सुचलेलं नाही. टोल्यातली माणसं सकाळी अंघोळ करून, नवं नाही तर धुतलेलं नेसून झाडाकडे निघाली, एखाद्या घरच्या लग्नाला निघावीत तशी. ढोल पुढे. मोठमायची खाट चौघांनी उचलली. ऊन लागू नये म्हणून तिच्यावर फुलांनी गच्च भरलेल्या पळसाच्या डहाळ्या धरल्या होत्या, आणि केशरी फुलं तिच्या अंगावर पडत होती. ती ती उचलून बघायची आणि परत टाकायची.

झाडाखाली सारवून ठेवलेलं होतं. तांदळाच्या छोट्या छोट्या ढिगल्या, प्रत्येकीवर पळसाचं वाळवून ठेवलेलं पान. सोमाजींनी मोहाची दारू मातीवर शिंपडली. कोंबडी मी पाहिली नाही. मी तेवढा वेळ ओढ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि कोणी मला त्याबद्दल हसलं नाही. मग त्यांनी झाडावरून तोडलेल्या पहिल्या कैऱ्या टोपलीतून घेतल्या आणि फोडी केल्या. पहिली फोड मातीला. मग पानांवर एकेक फोड ठेवत ते नावं घेऊ लागले. गेलेल्या माणसांची. घराघरातून कोणी तरी नाव सांगायचं आणि सोमाजी ते मोठ्याने म्हणायचे. सुनंदाने तिच्या आईचं नाव सांगितलं. मला कोणी विचारलं नव्हतं, पण सोमाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि थांबले. मी माझ्या आईचं नाव सांगितलं. त्यांनी ते तितक्याच मोठ्याने घेतलं आणि एका पानावर तिच्यासाठीही फोड ठेवली. आई आयुष्यात नागपूर-वर्ध्याच्या पलीकडे फारशी गेली नाही. तिथे डोंगरात, तिला कधी न पाहिलेल्या माणसाच्या तोंडून तिचं नाव ऐकलं आणि मी हात जोडले.

मेलेल्यांचं झालं. आता जिवंतांत सगळ्यांत वडील माणूस.

सुनंदाने मोठमायला मागून धरून बसवलं. ढोल थांबला. सोमाजी फोड घेऊन खाटेशी उकिडवे बसले. जाड, हिरव्या सालीची फोड, मध्ये अर्धी कोय तशीच. मी एकदम घाबरले. कालपासून हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कोय काढून का नाही दिली यांनी? मग कळलं, पंडुमाची फोड कोयीसकटच द्यायची असते. एक खोटं बोलून झालं होतं. दुसरं करायला त्यांचा हात वळला नसावा.

मोठमायने आ केला. फोड तोंडात गेली. दात एकही नाही. ती हिरड्यांनी चावू लागली. आंबट रस लागला तशी तिचा सगळा चेहरा गोळा झाला, डोळ्यांच्या कडांनी पाणी आलं. पंधरा दिवस ज्या घशाखाली पेजही धड उतरत नव्हती तो घसा हलला. एकदा, दोनदा. सुनंदा तोंडावर हात दाबून रडत होती. सगळा टोला त्या एका घशाकडे बघत होता.

मग मोठमाय चावायची थांबली. जीभ तोंडात इकडून तिकडे फिरली. हिरडीखाली काही तरी सापडलं आणि ते मऊ निघालं, हे आम्हा सगळ्यांना दिसलं. तिने डोळे उघडले. आधी सोमाजींकडे पाहिलं. मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या एकेका माणसाकडे, सावकाश, कोणालाही न सोडता. माझ्याकडेही.

"काहून गा सोम्या," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत तिचा एवढा खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता, "हिची कोय तं धरलीच नाही अजून. कोणाले एवढी घाई झाली होती?"

सोमाजींनी मान खाली घातली, फोकाचा मार खाल्लेल्या पोरासारखी.

तिने त्यांच्या वाकलेल्या डोक्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग पुन्हा आ केला.